कोपलँडची भुते आणि व्हायकिंगांची वस्ती : या दंतकथांचे मूळ कुठे?

पश्चिमकिनारा

इंग्लंडच्या वायव्येस, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांपासून आयरिश समुद्रापर्यंत उतरत जाणारा कोपलँड नावाचा मुलूख आहे. १९७४पासून तो स्वतंत्र जिल्हा होता. १ एप्रिल २०२३ रोजी तो कंबरलँड या नव्या प्रशासकीय विभागात विलीन झाला, तरी लोकांच्या बोलण्यात जुने नाव टिकून आहे. नोकरीनिमित्त मी काही वर्षे येथील व्हाइटहेवन गावी राहतो. येत्या उन्हाळ्यात उत्तर इंग्लंडमधील काही मराठी कुटुंबे हा परिसर पाहायला येणार आहेत आणि त्यांना माहिती सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आहे.

दहाव्या शतकात येथे नॉर्स लोक, म्हणजे ज्यांना आपण सरसकट व्हायकिंग म्हणतो ते, येऊन स्थायिक झाले, याबद्दल वाद नाही. याच मुलखात भुताखेतांच्या कथाही विपुल आहेत: प्रेतवाटेवरचा घोडा, किल्ल्यातला विदूषक, डोंगरावर दिसलेले सैन्य. अडचण अशी की अलीकडे यांतील प्रत्येक कथेला ‘ही व्हायकिंगांच्या काळापासून चालत आलेली आहे’ असे शेपूट जोडले जाते. मला ते पटत नाही. माझ्या मते व्हायकिंगांचा वारसा दगडांत, शेतीत आणि मेंढपाळीत शोधावा. येथील भुते बहुतांशी त्यांच्यानंतर सहा-सातशे वर्षांनी जन्माला आलेली आहेत. पाहुण्यांत लहान मुलेही असतील आणि त्यांना खोटा इतिहास सांगण्याची माझी इच्छा नाही. म्हणून जाणकारांना विचारतो, यांतील एकाही भूतकथेचे मूळ नॉर्स वसाहतींपर्यंत खात्रीने नेता येते का?

शिळालेख

उत्तम विषय. भुतांकडे वळण्यापूर्वी वस्ती कशी झाली ते स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण कंब्रियातील (कोपलँड ज्यात येते त्या वायव्य इंग्लंडच्या प्रदेशातील) नॉर्स लोक यॉर्क जिंकणाऱ्या डेन लोकांसारखे पूर्वेकडून मोठे सैन्य घेऊन आले नव्हते. ९०२मध्ये डब्लिनमधून नॉर्स लोकांची हकालपट्टी झाली. त्यानंतरच्या काही दशकांत आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि हेब्रिडीज बेटे येथून ते या किनाऱ्यावर आले असावेत, असे मानले जाते. त्यांच्या आगमनाचा सलग वृत्तान्त कोणीही लिहून ठेवलेला नाही. संत कथबर्टच्या मठवासीयांच्या जुन्या नोंदींत मात्र एक वाक्य आहे. एडवर्ड राजाच्या काळात, म्हणजे ८९९ ते ९२४च्या दरम्यान, ब्रिहतवुल्फचा मुलगा आल्फ्रेड हा सरदार समुद्री लुटारूंच्या भीतीने पश्चिमेकडून डोंगर ओलांडून आश्रयाला आला, असे ते वाक्य सांगते. एवढ्या मोठ्या स्थलांतराचा लेखी पुरावा म्हणून आपल्या हाती जवळजवळ एवढेच आहे.

बाकी सर्व पुरावा गावांच्या नावांत, थडग्यांत आणि कोरीव दगडांत आहे. कोपलँड या नावाचा नॉर्स अर्थच ‘विकत घेतलेली जमीन’ असा आहे. त्यावरून निदान काही भूभाग तरी लूट करून नव्हे, तर व्यवहार करून मिळवला गेला असावा, असे म्हणण्यास जागा आहे. कंब्रियाच्या उत्तर भागात, कार्लाइल शहराजवळच्या कमव्हिटन येथे २००४मध्ये सहा व्हायकिंग थडगी सापडली, चार पुरुषांची आणि दोन स्त्रियांची. तलवारी, दागिने आणि रोजच्या वापरातील वस्तूंसह त्यांना पुरले होते. स्त्रिया बरोबर होत्या, म्हणजे ही माणसे लुटून परत जाण्यासाठी आलेली नव्हती.

गॉसफर्थ गावातील सेंट मेरी चर्चच्या आवारातला क्रूस तर पाहुण्यांना दाखवलाच पाहिजे. तो सुमारे ४.४ मीटर उंच असून तांबड्या वालुकाश्माचा आहे आणि दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला मानला जातो. खालचा भाग झाडाच्या खोडासारखा गोल आणि वरचा चौकोनी आहे. विश्वाला आधार देणाऱ्या नॉर्स पुराणांतील अ‍ॅश वृक्षाचे ते रूप असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. पूर्व बाजूस क्रुसावरील येशू कोरलेला आहे. त्याच बाजूवर विदार हा देव राक्षसी लांडग्याच्या जबड्यात पाय रोवून त्याचे तोंड फाडताना दिसतो. पश्चिम बाजूस बांधून ठेवलेला लोकी हा कपटी देव आहे. त्याच्यावर सापाचे विष टपकू नये म्हणून त्याची पत्नी सिगिन भांडे धरून बसली आहे. एकाच दगडावर जुने देव आणि नवा देव मांडणाऱ्या त्या कारागिराला दोन्ही कथा उत्तम ठाऊक होत्या. तुमच्या प्रश्नाचा विचार मी येथून सुरू करीन. येथे आलेल्या लोकांच्या डोक्यात कोणत्या कथा होत्या हे या क्रुसावरून दिसते, आणि त्या भुतांच्या नसून जगाच्या अंताच्या आहेत.

तिन्हीसांजा

शिळालेख यांनी दिलेली माहिती मोलाची आहे, परंतु ‘दगडावर नाही म्हणून डोक्यात नाही’ हा निष्कर्ष घाईचा वाटतो. भूतकथा दगडावर कोरण्यासाठी नसतात. त्या शेकोटीपाशी सांगण्यासाठी असतात.

वॉझडेल हेड या डोंगराच्या कुशीतील वस्तीला पूर्वी स्वतःची दफनभूमी नव्हती. त्यामुळे मृतदेह घोड्याच्या पाठीवर बांधून, बर्नमूरच्या ओसाड माळावरून, तळ्याच्या कडेकडेने एस्कडेलमधील बूट गावाच्या सेंट कॅथरिन चर्चपर्यंत न्यावे लागत. कथा अशी की एका तरुणाचा मृतदेह नेत असताना घोडा बिथरला आणि धुक्यात दिसेनासा झाला. पुष्कळ शोधूनही तो मिळाला नाही. मुलाच्या दुःखाने आई लवकरच वारली. तिची शवपेटी त्याच वाटेने निघाली, तेव्हा हिमवादळात तिचाही घोडा उधळला. शोधायला गेलेल्यांना मुलाचा घोडा सापडला. आईचा घोडा मात्र कधीच सापडला नाही. पाठीवर पेटी घेतलेला घोडा आजही धुक्यात त्या माळावरून धावताना दिसतो, असे सांगतात. मृत माणसाला घोडा परलोकी नेतो ही कल्पना नॉर्स पुराणांत ठायी ठायी आढळते. ओडिन या नॉर्स देवांच्या प्रमुखाचा आठ पायांचा घोडा मृतांच्या राज्यापर्यंत जातो. ज्या खोऱ्यात नॉर्स लोक येऊन राहिले, त्याच खोऱ्यात अशी कथा असणे हा निव्वळ योगायोग म्हणायचा का?

कडेकपारी

ही कथा लेखी स्वरूपात सर्वांत आधी कधी आढळते, हे कोणी सांगू शकेल का? सगळा वाद त्यावर अवलंबून आहे.

पश्चिमकिनारा

तिन्हीसांजा, कथा फार सुंदर सांगितलीत आणि पाहुण्यांना ती मी नक्की सांगणार आहे. तिच्या काळाविषयी मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. वॉझडेल हेडला दफनाची परवानगी १९०१मध्ये मिळाली, म्हणजे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत मृतदेह खरोखरच त्या वाटेने जात होते. घोडा बिथरणे, धुके उतरणे, वाट चुकणे या त्या माळावर कोणत्याही शतकात घडू शकणाऱ्या गोष्टी आहेत. शिवाय ही वाट निर्माण झाली ती ख्रिस्ती पॅरिशच्या, म्हणजे एका मुख्य चर्चच्या हद्दीत अनेक वस्त्या मोडण्याच्या, व्यवस्थेमुळे. दफनाचा अधिकार मुख्य चर्चकडे असे आणि दूरच्या वस्त्यांना तेथवर जावे लागे. अशा प्रेतवाटा इंग्लंडमध्ये इतरत्रही आहेत, जेथे नॉर्स वस्ती झाली नाही तेथेही.

त्याच वॉझडेल हेडच्या इवल्याशा चर्चचे उदाहरण घ्या. त्याच्या छपराच्या तुळया व्हायकिंग जहाजांच्या आहेत, असे हमखास सांगितले जाते, आणि ते सेंट ओलाफ या नॉर्वेच्या राजसंताच्या नावाने ओळखले जाते. कोणालाही वाटेल की हे नाव हजार वर्षांपूर्वीचे आहे. प्रत्यक्षात ते चर्चला १९७७मध्ये दिले गेले.

उत्तरवारा

१९७७! मी त्या चर्चमध्ये जाऊन आलो आहे आणि ते नाव जुनेच असणार, असे धरून चाललो होतो. ही माहिती पाहुण्यांना आवर्जून सांगा.

कडेकपारी

रेव्हनग्लासजवळच्या मंकास्टर किल्ल्याचा उल्लेख व्हायला हवा, कारण सर्वाधिक भुते तेथेच सांगितली जातात. पेनिंग्टन घराण्याकडे ही जागा किमान १२०८पासून आहे. टॉमस स्केल्टन नावाचा विदूषक तेथे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. त्याचे पूर्णाकृती चित्र आजही किल्ल्यात आहे. दंतकथा अशी की तो चेस्टनटच्या झाडाखाली बसे आणि वाट विचारणारा वाटसरू मनास आला नाही तर त्याला खाडीतील फसव्या वाळूकडे पाठवी. घराण्यातील हेलवाइज या मुलीचे एका सुताराच्या शिकाऊ मुलावर प्रेम होते. तिने नाकारलेल्या एका सरदाराच्या सांगण्यावरून टॉमने त्या मुलाचे डोके त्याच्याच कुऱ्हाडीने उडवले, अशीही कथा आहे. आता किल्ल्यात होणाऱ्या सगळ्या खोड्या त्याच्या माथी मारल्या जातात.

घराण्याचे भाग्य सांभाळणारा काचेचा वाडगाही तेथे आहे. पंधराव्या शतकातील यादवी युद्धात पराभूत होऊन भटकणाऱ्या सहाव्या हेन्री राजाला तेथे आसरा मिळाला आणि त्याने तो कृतज्ञतेने दिला, असे सांगतात. वाडगा अभंग आहे तोवर वंश अभंग राहील, अशी श्रद्धा आहे. विदूषक, राजा, सरदार, वाडगा यांतील प्रत्येक गोष्ट मध्ययुगाच्या अखेरीची किंवा त्यानंतरची आहे. येथे व्हायकिंगांना ओढून आणण्याचे काहीच कारण नाही.

मनोव्यापार

मंकास्टरविषयी थोडी भर घालतो, कारण हे माझ्या अभ्यासाच्या क्षेत्रातील आहे. तेथील टॅपेस्ट्री रूम या खोलीत रात्री झोपलेल्यांना मुलाच्या रडण्याचा आवाज येतो, छातीवर दडपण जाणवते, अशा तक्रारी दीर्घकाळ येत होत्या. जेसन ब्रेथवेट या मानसशास्त्रज्ञाने तेथे पद्धतशीर मोजमापे घेतली आणि २००४च्या सुमारास निष्कर्ष प्रसिद्ध केले. पलंगाच्या धातूच्या जाळीमुळे उशीच्या परिसरात चुंबकीय क्षेत्र जागोजागी बदलते असे त्यात दिसले. झोपलेल्या माणसाने डोके हलवले की त्याच्या मेंदूभोवतीचे क्षेत्रही बदलत राहते. संवेदनशील व्यक्तींवर याचा परिणाम होत असावा, अशी ती मांडणी आहे आणि ती सिद्ध झाल्याचा दावा कोणी केलेला नाही. मुलांना हे सांगाच. भूतकथेची थट्टा न करता तिचा शोध कसा घेता येतो, हे त्यांना कळेल.

तिन्हीसांजा

मनोव्यापार, आपले म्हणणे आदराने वाचले. पण आवाज का ऐकू येतो हा एक प्रश्न झाला आणि त्या आवाजाला समाज कोणाचे नाव देतो हा दुसरा. या धाग्याचा विषय दुसरा प्रश्न आहे.

सागरवाट

मूळ प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर सेंट बीझ गावात सापडेल, असे मला वाटते, जरी ती भूतकथा नसून संतकथा आहे. बेगा ही आयर्लंडची राजकन्या. तिने आजन्म कौमार्याचे व्रत घेतले होते आणि नॉर्वेच्या राजपुत्राशी ठरलेल्या विवाहाच्या आदल्या रात्री ती समुद्र ओलांडून या किनाऱ्यावर आली. स्वर्गातून मिळालेले, क्रुसाचे चिन्ह असलेले हातातले एक कडे तिच्यापाशी होते. पुढे बाराव्या शतकात विल्यम ल मेशिन या नॉर्मन सरदाराने तेथे बेनेडिक्टाइन मठ स्थापन केला. त्याचा नक्षीदार पश्चिम दरवाजा आजही जागेवर आहे. जूनच्या मध्यावर, ऐन उन्हाळ्यात, जेवढ्या जमिनीवर बर्फ पडेल तेवढी मठाला देईन असे सरदार थट्टेने म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी समुद्रापर्यंतचा सगळा मुलूख पांढरा झाला, ही त्याच गावची कथा.

मला महत्त्वाचे वाटते ते कडे. तेराव्या शतकापर्यंत लोक त्या कड्यावर हात ठेवून शपथ घेत असत, असे दस्तऐवजांवरून दिसते. कड्यावर शपथ घेणे ही नॉर्स रीत आहे. ८७६मध्ये डेन सैन्याने वेरहॅम येथे आल्फ्रेड राजासमोर पवित्र कड्यावर शपथ घेतल्याची नोंद इंग्रजांच्या इतिवृत्तातच आहे. आइसलँडच्या सागांतही, म्हणजे जुन्या गद्य वीरकथांतही, देवळातील शपथेच्या कड्याचे वर्णन येते. बेगा हे नावच कडे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आले असावे आणि आधी कडे व मागाहून संत, असा क्रम असावा, असेही मत मांडले गेले आहे.

शिळालेख

सागरवाट यांनी मुद्दा अचूक पकडला आहे. दोन सावधगिरीच्या गोष्टी नोंदवतो. बेगाचे लिखित चरित्र तेराव्या शतकातील आहे, म्हणजे घटनाकाळापासून फार दूरचे, आणि ते लिहिणाऱ्यांना आपल्या मठाची प्रतिष्ठा वाढवायची होती. दुसरे म्हणजे कथेत नॉर्स माणूस खलनायकाच्या जागी आहे, आणि तीही लग्नाच्या प्रसंगात. ज्या किनाऱ्यावर आयरिश आणि नॉर्स घराण्यांत सोयरीक होत होती, तेथे ही आठवण कोणी आणि का जपली, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. मात्र शपथेच्या कड्याची रीत नॉर्स असण्याची शक्यता मलाही बलवान वाटते. कथा बदलतात; शपथेसारखी कायद्याशी जोडलेली रीत सहसा सावकाश बदलते.

रानवाटा

सूदर फेलवरील सैन्याचे काय? कोपलँडच्या थोडे बाहेर, थ्रेलकेल्डच्या बाजूस हा डोंगर आहे. १७३५च्या जूनमध्ये, मध्य उन्हाळ्याच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, डॅनियल स्ट्रिकेट नावाच्या शेतगड्याने त्यावरून सैन्य जाताना पाहिले. कोणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. १७३७मध्ये विल्यम लँकेस्टर यांच्या कुटुंबाने तेच दृश्य पाहिले. १७४५मध्ये त्याच संध्याकाळी २६ जणांनी पाहिले. त्या चढावर जाऊच न शकणाऱ्या गाड्याही त्या सैन्यात होत्या, आणि दुसऱ्या दिवशी वर जाऊन पाहिले तर गवतावर एकाही टापेचा ठसा नव्हता. १७८५मध्ये स्ट्रिकेट आणि लँकेस्टर यांनी या जबानीवर सह्या केल्या. वाचताना मला आपल्याकडच्या वेताळाच्या पालखीची आठवण झाली. ओडिन मृतांचा तांडा घेऊन रात्री आकाशातून शिकारीला जातो, ही कल्पनाही उत्तरेत सर्वत्र आहे. मग ही तीच आठवण नव्हे काय?

कडेकपारी

रानवाटा, वेताळाची पालखी कोकणात आणि ओडिनची शिकार उत्तर युरोपात. दोघांचा संबंध नसूनही दृश्य सारखे, म्हणजे केवळ साम्यावरून वारसा सिद्ध होत नाही. साक्षीदारांनी पाहिले ते पलटणीच्या शिस्तीत चालणारे, त्यांच्या स्वतःच्या काळातील सैन्य. १७४५च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील बंड तोंडावर आले होते आणि वर्ष संपण्याआधी बंडखोरांचे सैन्य खरोखरच कार्लाइलमार्गे खाली उतरले. लोकांच्या मनावर कोणते सैन्य स्वार झाले होते हे उघड आहे, आणि ते ओडिनचे नव्हते.

जुनीपोथी

इतका वेळ वाचत होतो. नॉर्स मुळाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा अजून कोणी मांडलेला नाही, म्हणून लिहितो.

नॉर्स भूत पारदर्शक नसते. ते शरीराने थडग्यातून उठते, जड असते, फुगलेले असते, जिवंत माणसाशी कुस्ती खेळते, गुरे मारते आणि त्याला पुन्हा मारावे लागते. ग्रेटिरच्या सागामधील ग्लाम हे याचे प्रसिद्ध उदाहरण. आता यॉर्कशायरमधील बायलंड मठाकडे या. सुमारे १४००मध्ये तेथील एका भिक्षूने जुन्या हस्तलिखिताच्या कोऱ्या पानांवर परिसरातील बारा भूतकथा लिहून ठेवल्या. त्यांतील भुते घोडा, कुत्रा, शेळी अशी रूपे घेतात, गवताच्या भाऱ्यासारखी गरगरतात आणि माणसांशी झटापट करतात. एका कथेत मेलेला पाद्री रात्री थडग्यातून उठून आपल्या रखेलीच्या घरी जातो आणि तिच्या डोळ्याला इजा करतो. अखेर मठाधिपती त्याचा मृतदेह उकरून गोरमायर तलावात फेकायला लावतो. १९२२मध्ये या कथा छापल्या गेल्या, तेव्हाच त्यांचे डेन्मार्कच्या भूतकथांशी असलेले नाते संपादकाने नोंदवले होते. म्हणजे उत्तर इंग्लंडमध्ये नॉर्स धाटणीचे भूत पंधराव्या शतकाच्या तोंडापर्यंत जिवंत होते, असे म्हणता येते.

कोपलँडमधील आजच्या कथा मात्र या धाटणीच्या नाहीत. मंकास्टरचा टॉम कोणाशी कुस्ती खेळत नाही. बर्नमूरचा घोडा नुसता दिसतो आणि जातो. म्हणून माझे मत असे आहे की येथे नॉर्स भूत एके काळी होते, पण मधल्या काळात ते लोपले आणि त्याच्या जागी निराळी भुते आली. पश्चिमकिनारा यांचा निष्कर्ष बरोबर आहे, पण ‘नॉर्स लोकांनी भूतकथा आणल्याच नाहीत’ असे कोणी समजू नये.

तिन्हीसांजा

जुनीपोथी, हे मला मान्य आहे, आणि घोड्याविषयीचे माझे म्हणणे तरीही सोडवत नाही. बायलंडच्या कथेत भूत घोड्याचे रूप घेते हे आपणच लिहिले आहे.

जुनीपोथी

ताई, हा धागा तुटका आहे पण पोकळ नाही, एवढे मी म्हणेन. यॉर्कशायर आणि बर्नमूर यांच्यामध्ये पेनाइन डोंगर आहेत आणि चार-पाचशे वर्षेही आहेत. मधला एखादा लेखी दुवा मिळाला, तर मी आनंदाने तुमच्या बाजूला येईन.

मेंढवाडा

पाहुण्यांना जिवंत नॉर्स वारसा दाखवायचा असेल, तर डोंगरावरच्या हर्डविक मेंढ्या दाखवा. कोकरू जन्मताना काळे असते आणि वाढताना करडे होत जाते. या मेंढ्या व्हायकिंगांनी आणल्या, असे परंपरा सांगते. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात हर्डविकमध्ये प्राचीन वळणाच्या जनुकसंचाची चिन्हे आढळली. त्यावरून परंपरेला बळ मिळते, पूर्ण पुरावा मिळत नाही. कुंपण नसलेल्या डोंगरावर कोणती मेंढी कोणाची हे ओळखण्यासाठी कानाला विशिष्ट खाचा पाडतात आणि लोकरीवर रंगाचा पट्टा ओढतात. प्रत्येक शेतघराची खूण ठरलेली असते आणि या खुणांची छापील पुस्तके १८१७पासून निघत आली आहेत. आइसलँडमध्ये कानाच्या खुणांची अशीच नोंद आजही ठेवतात. मेंढ्या मोजण्याची जुनी पद्धत मात्र ‘यान, टॅन, टेथेरा’ अशी असून तिचे नाते वेल्श भाषेशी आहे. या डोंगरांत कोणत्याही एका लोकांचा वारसा निर्भेळ राहिलेला नाही.

या मेंढ्यांची आणखी एक कथा आहे आणि ती या धाग्याच्या विषयाशी थेट संबंधित आहे. स्पॅनिश आरमाराचे एक जहाज ड्रिगच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून पोहत आलेल्या चाळीस मेंढ्यांपासून हर्डविक जात निर्माण झाली, असे पूर्वी लोक सांगत. आज तीच मेंढी व्हायकिंगांची म्हणून सांगितली जाते. मेंढी तीच राहिली आणि जहाज बदलले.

शिळालेख

मेंढवाडा यांचे उदाहरण सगळ्या चर्चेला उजेड देणारे आहे. जहाज कधी बदलले याचाही अंदाज करता येतो. कार्लाइलचे रॉबर्ट फर्ग्युसन यांनी १८५६मध्ये कंबरलँडमधील नॉर्स लोकांवर ग्रंथ लिहिला. १८८०च्या दशकात रेव्हरंड विल्यम कॅल्व्हर्ली आणि गॉसफर्थचे डॉक्टर चार्ल्स पार्कर यांनी क्रुसावरील चित्रांचा अर्थ नॉर्स पुराणांच्या आधारे लावला. १८९६मध्ये त्याच चर्चच्या दुरुस्तीत पायाखालून, घराच्या छपरासारखी वाकलेली पाठ असलेले दोन नॉर्स थडगेदगड निघाले. कॉनिस्टनला राहणारे विल्यम कॉलिंगवुड यांनी नॉर्स वसाहतकारांवर १८९५मध्ये कादंबरी लिहिली आणि १८९७मध्ये ते आइसलँडला जाऊन आले. म्हणजे सुमारे चाळीस वर्षांत येथील लोकांना आपले पूर्वज व्हायकिंग असल्याची नव्याने जाणीव झाली. ती जाणीव बव्हंशी खरी होती. मात्र एकदा ती आली की प्रत्येक जुनी गोष्ट तिच्याच रंगात रंगवण्याचा मोह आवरत नाही.

एक जुना अन्यायही सांगण्यासारखा आहे. गॉसफर्थच्या आवारात आणखी एक मोठा क्रूस होता. अठराव्या शतकात तो कापून त्याच्या बुंध्याचे सूर्यघड्याळ केले गेले. त्या काळच्या लोकांना त्याची किंमत कळली असती, तर आज आपल्याला आणखी किती कथा वाचता आल्या असत्या, या विचाराने मन विषण्ण होते.

उत्तरवारा

सँटन ब्रिज येथील खाणावळीत दर नोव्हेंबरला जगातील सर्वांत मोठ्या थापाड्याची स्पर्धा भरते, याचीही येथे नोंद व्हावी. वॉझडेल हेडचा खाणावळवाला विल रिटसन, १८०८ ते १८९०, याच्या स्मरणार्थ ती होते. आमच्या खोऱ्यातील सलगम इतके मोठे होतात की ते पोखरून त्यांत मेंढ्या ठेवतात, असे तो पाहुण्यांना गंभीर चेहऱ्याने सांगे. राजकारणी आणि वकील यांना स्पर्धेत मनाई आहे, कारण ते त्या कामात आधीच तरबेज समजले जातात. ज्या खोऱ्याने थाप मारणे ही कला म्हणून जोपासली, तेथील कथा ऐकताना कथेचे सौंदर्य आणि इतिहासाचा पुरावा वेगळे ठेवलेले बरे.

पश्चिमकिनारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलांना बर्नमूरची कथा कथा म्हणूनच सांगेन आणि लगेच १९०१चे कारणही सांगेन. सेंट बीझच्या कड्याची रीत नॉर्स असण्याचा संभव आहे, हे त्याच शब्दांत सांगेन. जुनीपोथी यांनी दिलेला बायलंडच्या पाद्र्याचा प्रसंग मात्र मोठ्यांसाठी राखून ठेवतो. आता एक व्यावहारिक प्रश्न. एका दिवसात मंकास्टर, गॉसफर्थ आणि सेंट बीझ ही तीन ठिकाणे करायची आहेत. सुरुवात कुठून करावी?

शिळालेख

गॉसफर्थपासून, आणि शक्य तितक्या सकाळी. हजार वर्षांच्या पावसावाऱ्याने कोरीवकाम उथळ झाले आहे आणि ऊन समोरून पडले की आकृती पुसट होतात. सकाळचे ऊन तिरपे पडते तेव्हा पूर्व बाजूचा येशू आणि विदार नीट दिसतात. लोकी आणि सिगिन पश्चिम बाजूस असल्यामुळे त्यांच्यासाठी दुपार उलटल्यावर परत यावे लागेल. मंकास्टर दक्षिणेला आहे आणि सेंट बीझ उत्तरेला, म्हणून सकाळी गॉसफर्थ, मग मंकास्टर, परतताना पुन्हा गॉसफर्थ आणि शेवटी सेंट बीझ असा क्रम ठेवावा. चर्चच्या आत भिंतीत बसवलेला मासेमारीचा दगड चुकवू नका. बैलाचे डोके गळाला लावून महासर्प पकडायला निघालेला थॉर हा नॉर्स देव त्यावर आहे, आणि तो मुलांना क्रुसापेक्षा लवकर ओळखता येतो. जे लंडनहून येणार आहेत, त्यांनी निघण्यापूर्वी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील या क्रुसाची १८८२मधली ओतीव प्रतिकृती पाहून घ्यावी. ती पावसात उभी नसल्यामुळे काही बारकावे तिच्यावर अधिक स्पष्ट राहिले आहेत.